पहिल्या प्लगवरचा अंगठा

प्रिय मोठे बाबा,

काल तुमची अँबॅसॅडर सुरू झाली, अन् मी सवयीनं तुम्हालेच फोन लावाले गेली. नंबर दिसला तेव्हा आठवलं, तुम्हाले जाऊन आठ महिने झाले. मग म्हटलं, लिहूनच टाकते. माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, हसू नका.

मोठी आई भंगारवाल्याले हो म्हणून बसली होती. दारात उभी गाडी पाहून तिले करमत नव्हतं. मी रविवारपर्यंतचा टाइम मागून घेतला.

समोरून ऑइल गळून राह्यलं होतं. व्हिडिओ पाहून पुढचं सील बदललं. तुम्ही कसलेले बोल्ट किती सरळ सुटले! एवढ्या वर्षांत एकही आटा खराब नाई. असं काम कोण करते आता?

मग मी शहाणपणा केला. स्पार्क वाटणारा डेल्को काढून घासून चकाचक केला. त्याच्यावर तुम्ही नेलपॉलिशनं मारलेली टायमिंगची खूण होती ना, तीच पुसली! परत बसवला तर इंजिन सुरू होईना, नुसते सायलेन्सरमधून फटाके. शनिवार अर्धा गेला. मी मडगार्डवर डोकं टेकून रडली.

मोठी आई पदर खोचून आली. पहिला प्लग काढाले लावला, भोकावर अंगठा दाबला अन् म्हणाली, "समोरून इंजिनाचं हँडल फिरव. हळू." मग, "थांब. हवा ढकलून राह्यली. आता पुलीची खाच पाह्य."

मी विचारलं, तुले हे कसं येते? ती म्हणे, त्यायचे दोन्ही हात हँडलवर, मग अंगठा कोणाचा असन?

तीस वर्षं तिचाच! हे तुम्ही मले काऊन नाई सांगितलं? हिंगणघाटपर्यंत लोक म्हणत, टायमिंग लावावं तर तुम्हीच. मी पण शाळेत असताना तेच सांगत फिरली.

खाच खुणेशी जुळली, तसा मी डेल्को परत बसवला. इंजिननं धरलं, तशी तिनं कान देऊन मले डेल्को केसभर फिरवाले लावला. "बस. ते इथंच ठेवत."

भंगारवाल्याले तिनंच फोन करून नाई सांगितलं. मग स्टेअरिंगमागं जाऊन बसली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा! "हे मातर त्यायनं शिकवलं नाई," म्हणे.

मोठे बाबा, तुमच्या कामात मले एवढीच कसर सापडली. ती मी भरून काढते. वडनेरचा रस्ता सकाळी रिकामा असते. दिवाळीले मोठी आई स्वतः गाडी चालवत सिंदीले माहेरी जाईन. मी बाजूले बसीन, अन् गिअर खरखरला तरी एक शब्द बोलणार नाई.

तुमचीच,
रिया