तुटलेल्या सळईची शेवटची चार रीडिंग

ती. ताई,

धाकट्या भावाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझे गुडघे आता कसे आहेत? दाजींचा खोकला थांबला का? मी बरा आहे, निदान डॉक्टरच्या हिशेबानं. परवा तू फोनवर जे बोललीस ते सगळं मी उभ्यानं ऐकलं, कारण बसायचं सुचलंच नाही. छोटीला प्रॅक्टिकलच्या परीक्षेत शून्य मिळालं, त्यामुळे तिचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष वाया जाणार, आणि तसं झालं तर दाजी येऊन तिला सामानासकट कायमची घरी नेणार, एवढं मला कळलं. "तुझ्या भरवशावर पोरगी पाठवली होती," हेही कळलं. (ते तू तीनदा म्हणालीस.) तुझ्यापुढे फोनवर मला कधीच बाजू मांडता आलेली नाही, म्हणून लिहितो. शांतपणे वाच. दाजींना वाचून दाखवताना मधला भाग गाळलास तरी चालेल.

सुट्टीतल्या एका सोमवारी सकाळी मी आंघोळ केली, देवापुढे दोन मिनिटं बसलो, कॉलेजात आलो आणि अकरा वर्षं बंद पडलेलं मशीन चालू केलं. ताई, सगळ्या वाईटाची सुरुवात त्या एका चांगल्या कामापासून झाली. माझी नोकरी तुला माहीत आहे. लॅबचं कुलूप काढायचं, धूळ पुसायची, सळया कापून द्यायच्या आणि पोरांच्या वहीत 'रीडिंग प्रत्यक्ष मशीनवर घेतली' या छापील ओळीपुढे सही करायची. माझी सही बघून मग सर सही करतात. मशीनचं कामही साधं आहे. लोखंडाची सळई दोन जबड्यांत धरायची आणि तुटेपर्यंत ओढायची. किती जोर लावल्यावर ती किती ताणली, हे काटा दाखवतो. (संसारात हे काम मशीनशिवाय चालतं, फक्त तिथे काटा नसतो.) अकरा वर्षांपूर्वी या मशीनचं तेल गळायला लागलं. दुरुस्तीचा अर्ज वर गेला. तो अजून वरच आहे. या वर्षी छोटी त्या वर्गात आली आणि म्हणाली, "मामा, हे एकदा तरी हललेलं बघायचंय मला." मग मोटार दुरुस्तीवाल्याकडून एक रबरी कडी आणली, चार दिवस पालथा पडून ती बसवली, आणि त्या सोमवारी काटा हलला. खोटं कशाला सांगू, मी हात जोडले.

आता तू विचारशील, मशीन बंद होतं तर अकरा वर्षं पोरं रीडिंग कुठून घेत होती? भिंतीवरून. मशीनच्या वर काचेच्या चौकटीत एक तक्ता आहे, 'नमुना रीडिंग', एकूण बारा. पोरं येतात, मशीनला टेकून उभी राहतात आणि वर बघून उतरवून घेतात. तेवढेही कष्ट नकोत म्हणून बहुतेक जण येतच नाहीत. वर्षभर वही कोरी असते. सबमिशनच्या आठवड्यात वरच्या वर्गातल्या कुणाची तरी वही येते, आणि होस्टेलच्या एका खोलीत वीस जण गोल बसून विज्ञान पुढे नेतात. ड्रॉइंग असेल तर खिडकीची काच काढतात, तिच्याखाली दिवा लावतात आणि वर कागद ठेवून गिरवतात. मागच्या वर्षी एकानं इतक्या श्रद्धेनं वही उतरवली, की आधीच्या मुलाला सरांनी लाल शाईत दिलेला 'अक्षर सुधारा' हा शेराही लाल शाईत उतरवला. सरांनी त्याखाली सही केली. तक्त्यातला पाचवा आकडा उन्हानं पुसट झाला आहे. काहींना तो एकशे एकवीस दिसतो, काहींना एकशे सत्तावीस. त्यावरून पोरांत दोन पंथ झाले आहेत, आणि दोघंही एकमेकांना अडाणी समजतात.

आमच्या विभागप्रमुखांना पोरं पाठीमागे 'दशांश सर' म्हणतात, कारण ते मार्क कापताना दशांश चिन्हापर्यंत जातात. त्यांनी या रीडिंगवर एक शोधनिबंध लिहिला. अकरा वर्षं, साडेसहाशे विद्यार्थी, आणि निकालात तसूभरही फरक नाही, अशी लॅब दुसरी नाही, असं त्यात आहे. बाहेरची तपासणी समिती आली तेव्हा तिलाही हे फार आवडलं. आम्हाला ढाल मिळाली. ती बंद मशीनवर ठेवली होती, दुसरी सपाट जागा नव्हती म्हणून.

तर परीक्षेचा दिवस. मी दशांश सरांना सांगितलं की मशीन सुरू आहे. ते म्हणाले, "कशाला उगाच?" पण बाहेरगावचे परीक्षक शेजारीच उभे होते. त्यांनी उत्साहानं "वा, दाखवा की!" म्हटलं, मग इलाज राहिला नाही. छोटीच्या तुकडीत वीस जण. त्यांच्यासमोर सळई लावली, ओढली. पहिलं रीडिंग तक्त्याशी जुळेना. दुसरंही जुळेना. आठव्या रीडिंगला बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला आणि सळईचे दोन तुकडे झाले. सगळे दचकले. परीक्षकांनी तक्त्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "ठीक आहे, लिहा बारा रीडिंग."

एकोणीस जणांनी लिहिली. तुझ्या लेकीनं आठ लिहिली.

"उरलेली चार कुठे?" दशांश सरांनी विचारलं.

"सर, सळई तुटली ना."

"तुटली ते दिसतंय मला. तक्त्यात बारा आहेत."

"पण तुटलेली सळई अजून कशी ताणायची?"

"म्हणजे सळई चुकली," सर म्हणाले, "आणि तुम्ही तिचं ऐकलंत."

परीक्षकांना गाडी गाठायची होती. त्यांनी दोघांच्याही बोलण्याला मान डोलावली आणि शून्यावर सही केली. छोटी रडली नाही. तिनं सळईचे दोन्ही तुकडे उचलून पिशवीत टाकले आणि मला म्हणाली, "मामा, चुकीच्या वेळी दुरुस्त केलंस रे." आपल्या गावच्या शाळेत उत्तर चुकलं तर एक छडी बसायची आणि उत्तर दुसऱ्याचं असलं तर दोन. इथे फी घेऊन उलटं शिकवतात.

आता मधला भाग आला, ताई. अकरा वर्षांपूर्वी मशीन बिघडलं त्याच दिवशी दुपारी तपासणी होती. दशांश सर धावत आले. "काहीतरी बारा आकडे लिहून लावा, खरे मागाहून टाकू," म्हणाले. मला कुठले येताहेत आकडे? पण आपली आई रोज पोथी वाचायची तेव्हा आपण दोघं तिच्या मागे बसून ओव्या मोजायचो, आठवतं? भक्तीनं नव्हे, खेळायला कधी सुटतो म्हणून. कुठल्या अध्यायाला किती ओव्या, हे मला अजून पाठ आहे. डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं, बारा अध्यायांचे आकडे चढत्या क्रमानं लावून लिहिले. आलेख काढला तर असं सुरेख वळण आलं, की सरांनी वर्गाला सांगितलं, "बघा, लोखंड कसं बोलतं!" ते काही मागाहून खरे आकडे टाकायला आले नाहीत, आणि मीही आठवण केली नाही. साडेसहाशे पोरांच्या वह्यांवर मी सही केली आहे. त्यातली कित्येक आता पूल बांधतात. मी पुलावरून जाताना नामस्मरण करतो, ते सवयीनं नाही.

छोटीचं शून्य बघून मला राहवेना. सरांच्या खोलीत गेलो आणि हे सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, ओरडतील. ते हसले. "भाचीसाठी माणूस काय काय रचतो!" मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, शिपायाला पाठवून त्यांनी पोथीची नवी कोरी प्रत आणवली आणि तीन प्राध्यापक ओव्या मोजायला बसले. दोन डॉक्टरेट, एक होऊ घातलेली. एक जण बोटानं मोजत होता, एक पेन्सिलीनं. तिसऱ्याचं सारखं चुकायचं आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. दोन तास लागले. या विभागात अकरा वर्षांत झालेला तो एकमेव प्रयोग. निकाल असा की बारापैकी फक्त तीन आकडे जुळले. सरांनी कागदावर लिहिलं, 'मदतनिसाचा दावा पुराव्यानं सिद्ध होत नाही. सबब मूळ रीडिंग खरी मानावीत.' मला तो शेरा वाचून दाखवला आणि चहाही दिला.

म्हणून ताई, रागावू नकोस, निदान छोटीवर नको. ती तुझ्या वळणावर गेली आहे. दिसलं ते बोलते आणि समोरचा कोण आहे ते बघत नाही. दाजींना साष्टांग नमस्कार. गुडघ्यांना तेल लाव.

तुझा,
धाकटा

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. आकडे का जुळले नाहीत ते मला रात्री अंथरुणात उमगलं. आईची प्रत फाटकी होती. पाठीमागचे दोन अध्याय उंदरांनी अर्धे खाल्ले होते, आणि मधल्या अध्यायांतून एकेक अशी सात पानं, आपण मोजायला लागण्याआधीच्या एका पावसाळ्यात, तू होड्या करून सोडलीस. आई जेवढ्या ओव्या उरल्या तेवढ्याच वाचायची, आणि आपण तेवढ्याच मोजल्या. म्हणजे या राज्यातल्या लोखंडाच्या ताकदीत तुझाही हात आहे. ती प्रत तुझ्या कपाटात आहे. (वाटणीच्या वेळी तू ती घेतलीस, मी काही बोललो नव्हतो, आताही बोलत नाही.) तेवढी ताबडतोब पाठव. एकही पान चिकटवू नकोस, कव्हर घालू नकोस. जशी फाटली आहे तशीच हवी.

ता. क. २. पाकीट बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. पोथी पाठवू नकोस, मीच न्यायला येतो. मला रजा मिळाली आहे. मागितली नव्हती, पण भरपूर मिळाली आहे. आणि दाजींना म्हणावं, छोटीला न्यायची घाई करू नका, कारण आता ती एकटी नाही. आज सकाळी उरलेल्या दोन तुकड्यांची परीक्षा होती. चाळीस पोरं, चाळीस वह्या, प्रत्येकीत बारा रीडिंग. माझी सही असल्याशिवाय वही परीक्षकांपुढे जात नाही. पोरं रांगेत उभी होती, दशांश सर दारात उभे होते, परीक्षक पुन्हा घड्याळ बघत होते. मी पहिली वही उघडली, सगळी नीट वाचली, टोपण पेनावर बसवलं आणि वही परत दिली. मग दुसरी. ताई, चाळीसही वह्या मी सही न करता परत दिल्या.