गरम न होणारा मायक्रोवेव्ह आणि माझं निदान

९ नोव्हेंबर, सोमवार
मायक्रोवेव्ह बिघडला. दिवा लागतो, ताटली फिरते, टिंग वाजतं, पण सूप थंडगार. मध्यंतरी आईने गॅस पेटता ठेवून डुलकी काढली, तेव्हापासून आम्ही ऑफिसात असताना तिला गॅसची बंदी आहे. म्हणजे तिचं दुपारचं गरम जेवण या डब्याच्या हाती. बायको म्हणाली, भावोजींच्या ओळखीचा मेकॅनिक आहे, बोलवू. भावोजी म्हणजे माझा साडू. जगात त्याच्या ओळखीचं नाही असं काही नाही. साफ नको म्हटलं. उद्या संध्याकाळपर्यंत मीच करतो.

१० नोव्हेंबर, मंगळवार
तीन व्हिडिओ पाहिले. पहिल्यातच सांगितलं की प्लग काढला तरी आतला भाग जबर शॉक देतो, उघडू नका. भित्र्या लोकांसाठी असावा. तरी आज फक्त निरीक्षण केलं. कपभर पाणी एक मिनिट ठेवून बोट बुडवलं. गार. असं सात वेळा केलं, कारण घाईने निष्कर्ष काढू नये.
आईने आजही सूप गारच घेतलं. चालतं म्हणाली. आपल्या आईची तक्रार नसते.

११ नोव्हेंबर, बुधवार, सकाळी ७.१०
निदान झालं. यंत्र थकलंय. प्लग काढून विश्रांती दिली.

संध्याकाळी
मागचे स्क्रू काढायला बसलो तर स्क्रूड्रायव्हर गायब. बायकोला विचारलं, तर कुठे ठेवला आठवत नाही म्हणे. हल्ली तिचा विसरभोळेपणा वाढलाय. आईला खोकला.

१२ नोव्हेंबर, गुरुवार, संध्याकाळी ६.३०
जिंकलो! प्लग कोरड्या फडक्याने पुसून घट्ट बसवला, पाणी ठेवलं, बोट भाजलं. मुळात दोष धुळीचा. बायकोने लगेच कौतुक केलं, एरवी तिला वेळ लागतो. आईने पदर तोंडाला लावला. ऊर भरून आला असणार.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार
घरी कोणी नव्हतं, निवांत साडूला फोन केला. धूळ, प्लग, विश्रांती, सगळं वीस मिनिटं समजावून सांगितलं. मेकॅनिक लोक कसे गंडवतात तेही सांगितलं. तो फक्त हं हं करत होता. बिचाऱ्याची बोलतीच बंद.

१४ नोव्हेंबर, शनिवार
शेजारच्या काकूंचा मायक्रोवेव्ह करकर आवाज करतो. मीच आपणहून गेलो. प्लग पुसला. आता आवाज येत नाही. दिवाही लागत नाही. जुना माल, कोण काय करणार.

१५ नोव्हेंबर, रविवार
काकूंनी जिन्यात गाठलं. म्हणाल्या, तू राहू दे बाबा, गुरुवारी दुपारी तुमच्याकडे आला होता त्या मेकॅनिकचा नंबर दे. म्हटलं, कोणी आलं नव्हतं. म्हणाल्या, तासभर होता, माझ्यासमोर गेला.
बायकोला विचारलं. तिने भाजी निवडता निवडता कबूल केलं. साडूने पाठवला होता. आतला एक डायोड जळला होता, तो बदलला. दार आईने उघडलं. मला का सांगितलं नाही, तर म्हणे, सासूबाईंना किती दिवस गार जेवायला लावायचं? आणि तुम्ही खूश असलात की कशाला हात लावत नाही.
ठीक आहे. पण मग साडूने शुक्रवारी माझं वीस मिनिटं मुकाट ऐकून का घेतलं?
बायको म्हणाली, फोन स्पीकरवर होता. ती तेव्हा त्यांच्याच घरी होती, तिची बहीण होती आणि माझी आईही होती. आईनेच खूण केली म्हणे, की बोलू द्या त्याला.