गोळी बंद केलीस, ते मला का नाही सांगितलंस

आई, मी तुझ्यावर चिडलोय. तू जाऊन बारा वर्षं झाली आणि मला आत्ता, गेल्या महिन्यात कळलं की कोलेस्टेरॉलची गोळी तू मधेच बंद केली होतीस. सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या बायकोला, शेजारच्या काकूंना, लोणंदच्या मावशीलासुद्धा. फक्त मला नाही, ज्यानं तुला दवाखान्यात नेलं, ज्यानं ती गोळी दर महिन्याला आणून दिली.

झालं असं की मलाही आता तीच गोळी चालू आहे. दोन-तीन महिन्यांतच मांड्या भरून यायला लागल्या. कुपवाडला कारखान्यात जिना चढताना कठड्याला धरायला लागलो. मला वाटलं, वय झालं. मग एका सकाळी विश्रामबागच्या मैदानावर व्यायामाला एका पायावर उभा राहिलो आणि सरळ शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांच्या अंगावर गेलो. त्यांचा चष्मा फुटला. घरी येऊन बायकोला म्हणालो, "ही गोळी आजपासून बंद." ती कणीक मळत होती. हात तसेच ठेवून म्हणाली, "आत्तींनीबी अशीच बंद केली हुती. आता तुमी करू नगा." मी विचारलं, कधी? कुणाला विचारून? तर म्हणाली, "त्यांचे पाय लय दुखायचे. रोज गोळी काढून मोरीत टाकायच्या. मला शपथ घातली हुती. म्हणायच्या, त्येला सांगू नगंस, पुन्यांदा चारचौघांत वराडंल."

वराडंल! हेच कारण होतं होय तुझं?

मला तो दिवस आठवतो. तू सांगलीला राहायला येऊन वर्ष झालेलं. डॉक्टर म्हणाले गोळीबरोबर रोज थोडा व्यायामही हवा, म्हणून मीच तुला त्याच मैदानावर नेलं होतं. सगळ्या बायका एक पाय उचलून उभ्या आहेत आणि तू डुलतेयस. पाय टेकतेस, उचलतेस, पुन्हा टेकतेस. शेवटी शेजारणीचा दंड धरलास. लोक बघत होते आणि मला लाज वाटली. मी ओरडलो, "आई, नाटकं पुरे झाली. मनावर घेतलंस तर जमंल." तू पदर नीट केलास आणि बाकावर जाऊन बसलीस. मला कळायला हवं होतं. लोणंदच्या बाजारात कांदा निवडायला जायचीस तेव्हा पोत्यांच्या थप्पीवरून तू जमिनीवर चालावं तशी चालायचीस. मी खाली उभा राहून घाबरायचो आणि तू हसायचीस. त्या बाईला एका पायावर उभं राहता येत नाही, म्हणजे काहीतरी बिघडलंय, एवढं माझ्या डोक्यात यायला नको होतं?

पण तुला तोंड होतं ना? अडत्याशी वजनावरून भांडणारी तू, भर बाजारात त्याचा काटा खोटा आहे म्हणून सांगणारी तू. पोटच्या पोराला सांगता आलं नाही, की बाबा, पाय दुखतात? मी ओरडलो, तर तूही ओरडायचंस. पुढं आठ महिन्यांनी तू अंघोळीला पाणी काढता काढता छातीला हात लावून खाली बसलीस, ती उठलीच नाहीस.

बायकोनं मला दवाखान्यात धाडलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, म्हणाले, काहींना होतो असा त्रास, ही गोळी थोडे दिवस थांबवू, मग दुसरी गोळी कमी ताकदीची देऊ. बस. दहा मिनिटं लागली. आता पाय बरेच बरे आहेत. निघताना मी तुझं विचारलं. ते म्हणाले, "गोळी बंद केल्यामुळंच झालं, असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी सांगितलं असतं, तर बदलून देता आली असती." दारातून बाहेर पडेपर्यंत मी दातओठ खात होतो. तुझ्यावर, बायकोवर, त्या बारा वर्षांपूर्वीच्या माझ्यावर. घरी येऊन बायकोला वाट्टेल ते बोललो. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "आवं, ह्यालाच भ्यायच्या त्या."

हे मी कारखान्याच्या वहीत लिहितोय. तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा तू असतीस तरी मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि ते मला जमलं नसतं. वही कपाटात ठेवीन.

आणखी एक. "आजपासून बंद" असं मी बायकोला म्हणालो ना, ते खोटं होतं. त्याआधी नऊ दिवस मी गोळी घेतलीच नव्हती, आणि तिनं विचारलं की घेतली म्हणून सांगत होतो. मला तर ओरडणारंही कुणी नव्हतं.