वीतभर कमी पडलेल्या पट्ट्या

अज्या,

तू पत्ता दिला न्हाईस, मग हे पत्र टाकायचं कुठं? तरी लिहिते, न्हाईतर राग आतच कुजंल.

ऊसतोडीला गेल्यावर आपल्या आईला उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत राहायला नको, म्हनून जुन्या ट्रॉलीवर चाकाचं घर करायचं तूच काढलंस. पालथ्या घमेल्यासारखं पत्र्याचं छत, आतनं प्लायवूड, लई झकास. अन् आतल्या कमानीच्या पट्ट्यांचं माप घेतलंस ते टेप सरळ ताणून! अरे, छत गोल असलं तर टेप बी त्याच्या अंगानं वाकवावा लागतो. सगळ्या पट्ट्या कापून ठेवल्यास अन् दुसऱ्या दिवशी पुण्याला पळालास.

त्या मी बैलांच्या हौदात भिजवल्या, गुडघ्यावर रेटून वाकवल्या, ठोकल्या. प्रत्येक पट्टी वीतभर कमी. दारापाशी पत्र्याची धार उघडी राह्यली अन् आईचा हात कापला.

हाताला फडकं बांधत आई काय म्हनली? "तिथं लाकूड ठोकून खुंटी लाव. अजिनाथ आला की शर्ट कुठं अडकवंल?"

टोळीत एक कोयता म्हंजे दोन मान्सांची जोडी, एकट्याला घेत न्हाईत. तू गेलास, म्हनून माझ्या जोडीला आता ती फडात उतरनार. साठीला आलेली बाई! अन् तिला तुझ्या शर्टाची काळजी!

खुंटी लावली मी. तुझा कोयता घरीच पडला हुता, तो तिथं अडकवलाय. उद्या टोळी निघंल, तवा आई तोच हातात घेईल.

तुझ्या जागी ऊस तोडनारीची लेक,
पंकजा