वेगळी कढई

मी, मालन वैजनाथ ठोंबरे, वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार सावेडी, अहिल्यानगर, हृदयात स्टेंट असला तरी डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या अनुभवावरून हे लिहून ठेवते.

१. माझ्या पाटल्या मुलगी ज्ञानेश्वरी हिला. पुस्तके ज्याला वाचायची असतील त्याला. म्हणजे बहुधा रद्दीवाल्याला.

२. स्टेंटनंतर डॉक्टरांनी भूमध्य समुद्राकाठच्या लोकांचा आहार सांगितला. ऑलिव्हचे तेल, अक्रोड, मासे, डाळी, पालेभाज्या. आहाराबद्दल तक्रार नाही. परंतु सून मोनिका माझे जेवण वेगळ्या कढईत करते. तेल वेगळे, डबे वेगळे, फडताळातला कप्पाही वेगळा.

"आई, तुमच्या हृदयासाठीच ना," ती म्हणते. मुलगा प्रवीण मान खाली घालून शेंगदाण्याच्या तेलातली वांगी खातो.

केडगावला सासूबाईंनी असेच एकदा माझ्यासाठी दुसरी चूल मांडली. भांडण झाले नव्हते. "तुला तिखट सोसत नाही," एवढेच म्हणाल्या. पुढच्या सुगीला वाटणी झाली. माळ आमच्याकडे आला, विहीर धाकट्या दिराकडे गेली.

३. सबब, राहते घर प्रवीण व मोनिका यांना एका अटीवर देते. मी असेपर्यंत घरात एकाच कढईत स्वयंपाक व्हावा. सर्वांनी माझे खावे, नाहीतर मी त्यांचे खाईन. हृदयाचे माझे मी बघेन. अट मोडल्यास घर ज्ञानेश्वरीला. शेजारच्या जयमाला काळे यांनी जेवणाच्या वेळी न कळवता येऊन खात्री करावी.

४. उरलेले ऑलिव्हचे तेल डॉक्टरांना परत करावे.

५. साक्षीला आलेले हेच धाकटे दीर बन्सी हे वाचून म्हणाले, "वहिनी, लई इचार करता तुमी. डाक्टरनंच सांगितलंय न्हवं?"

"विहिरीला पाणी आहे का भावजी?" मी विचारले. त्यांनी पेन मागितले.

६. आज दुपारी मोनिकाने प्रथमच सर्वांना माझ्या कढईतली भाजी वाढली. "चांगली लागते की," प्रवीण म्हणाला आणि माझ्याकडे पाहिले.

मी आज मृत्युपत्र करणार हे घरात कोणालाही माहीत नव्हते. माहीत होते फक्त दोन्ही साक्षीदारांना, केडगावच्या भावजींना आणि शेजारच्या जयमालाबाईंना. तरी कलम तीन कायम आहे, आणि खात्री करण्याचे काम जयमालाबाईंकडून काढून मी स्वतःकडे घेत आहे.

सही: मालन वैजनाथ ठोंबरे
साक्षीदार: बन्सी सूर्यभान ठोंबरे, जयमाला अंगद काळे
सावेडी, ९ फेब्रुवारी २०२५