सात सेकंदांचा ठोका

सोमवार, ४ नोव्हेंबर. रात्री ९.१०
आजपासून रोज नोंद. प्रयोगाची वही वेगळी, तिच्यात आकडे. या वहीत माणसं.

परिस्थिती अशी: तीन वर्षं संपत आली, हाती नवीन काही नाही. २९ तारखेला कमिटी बसेल आणि मला आणखी एक वर्ष द्यायचं की घरी पाठवायचं ते ठरवेल. माझ्याकडे पंचवीस दिवस आणि पाण्याचा एक चॅनल आहे. सहा मीटर लांब, काचेच्या भिंती, वरून उघडा. मधोमध उभा दांडा. पाणी दांड्याला वळसा घालून जातं, मागे भोवरे सुटतात, मी ते मोजते.

आज पोहणारा माझ्या दांड्याकडे चार सेकंद बघत उभा राहिला. हा पूर्वी स्पर्धांत पोहायचा, आता माशांच्या शेपट्यांवर संशोधन करतो. शेपटीवाल्याला दांड्यात चार सेकंद रस का असावा?

संध्याकाळपर्यंत प्लायवुडचं झाकण करून घेतलं. काळा रंग, कडेनं फोमची पट्टी, कुलूप. काचांना काळा कागद. किल्ली गळ्यात.

मंगळवार, ५ नोव्हेंबर. दुपारी १२.४०
घडलं.

भोवऱ्यांच्या नेहमीच्या आलेखावर एक संथ ठोका. दर सात सेकंदांनी. अगदी घड्याळासारखा. तीन वर्षांत एकदाही दिसला नव्हता. दोन पुस्तकं, एकोणीस पेपर चाळले, कुठेच नाही.

कुणालाही सांगायचं नाही. सरांनाही नाही. सर सज्जन आहेत, पण चहाबरोबर त्यांच्या तोंडून काय बाहेर पडेल याचा नेम नाही.

निश्चय: २९ला थेट कमिटीसमोर. तोपर्यंत चेहरा कोरा.

गुरुवार, ७ नोव्हेंबर
काल बुधवार. बुधवारी प्लंबर चॅनलचं पाणी बदलतो. (खरोखरच प्लंबर होता, अकरा वर्षं. मग संध्याकाळच्या कॉलेजातून डिग्री, आता आमच्यातच पीएचडी. वय एकोणचाळीस.) झाकण काढून द्यावं लागलं. त्यानं विचारलं, हे झाकण कशाला? म्हटलं, धुळीसाठी. तो म्हणाला, अगं, मग एवढं घट्ट कशाला, धुळीला काय पासपोर्ट लागतो? मी हसले नाही.

त्यानंतर झाकण उघडंच होतं. दुपारभर मोजलं, ठोका नाही. आज सकाळी कुलूप लावलं, ठोका हजर.

म्हणजे बुधवारी पाण्यात काहीतरी पडतं. निरीक्षण एकच आहे, निष्कर्ष काढण्याची घाई करणार नाही. पण प्लंबरच आहे.

सोमवार, ११ नोव्हेंबर. सकाळी १०.१५
आयतीच संधी. ग्रुपच्या वेबसाइटवर ‘आमच्याविषयी’ हे पान हवंय, प्रत्येकाची पार्श्वभूमी पाच-पाच ओळींत. सरांनी मलाच सांगितलं. म्हणाले, तू फारशी कुणाशी बोलत नाहीस, या निमित्तानं ओळख होईल. ओळख होईलच.

मंगळवार, १२ नोव्हेंबर
तिघांच्या मुलाखती उरकल्या. वेबसाइटसाठी वेगळं लिहीन. इथे खरं.

पोहणारा: वयाच्या सहाव्या वर्षापासून पाण्यात. म्हणाला, खांदा गेला म्हणून पोहणं सुटलं, मग वाटलं, ज्या पाण्यानं इतकी वर्षं झुंजवलं ते आहे तरी काय. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. असं पटकन रडू शकणारा माणूस पटकन खोटंही बोलू शकतो. शिवाय आयुष्यभर एका सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी जगलेला. सात सेकंद त्याला पर्वणीच.

गणितीबाई: शुद्ध गणितातून आल्या. आठ वर्षांत एकदाही हात ओला केलेला नाही, नळाखाली कपसुद्धा विसळत नाहीत. म्हणाल्या, माझे वडील धरणावर दरवाजे उघडायचं काम करायचे, घरी आल्यावर त्यांना पाण्याबद्दल एक शब्द बोललेला चालायचा नाही, म्हणून मी ते कागदावर उतरवत बसले. मग मलाच विचारलं, तुझी आकडेवारी कशी चाललीय? वर बघितलंही नाही. इतकं सहज कुणी सहज विचारत नाही.

प्लंबर: अकरा वर्षं परक्यांच्या घरात शिरायचा. म्हणजे कुलपं ठाऊक. म्हणाला, एका म्हाताऱ्या आजींकडे नळ रात्री आपोआप घुमायचा, भूत आहे म्हणून त्या खोली बदलून झोपायच्या. यानं एक वायसर बदललं, भूत गेलं. पण का गेलं ते सांगता येईना, म्हणून शिकायला आला. गोष्ट चांगली रचलीय.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर. सकाळी ८.५०
परवा बुधवार: ठोका नाही. काल: ठोका. निरीक्षणं दोन. आता हा नियम म्हणायला हरकत नाही.

कुलपाच्या कडीवर काल माझा एक केस चिकटवून गेले होते. आज केस नाही. मात्र केस माझाच असल्यामुळे कुणी काढला की गळाला, हे ठरवता येत नाही. पुढच्या वेळी दोरा.

झाकणावर चार विटा ठेवल्या. प्रत्येकी २.९ किलो.

सायंकाळी ५.३०
विटांमुळे ठोका जवळजवळ दुप्पट स्पष्ट. बंदोबस्त वाढला की आकडेही सुधारतात. ही शिस्त तीन वर्षांपूर्वीच लावायला हवी होती.

रविवार, १७ नोव्हेंबर
ताईचा फोन. लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, त्यामुळे सगळ्यांशी त्याच आवाजात बोलते. तिला ठोक्याचं सांगितलं नाही, फक्त एवढंच की लॅबमध्ये माझ्यावर पाळत आहे. ती म्हणाली, बाळा, तुला तिसरीतही वाटायचं की मी तुझी खोडरबरं पळवते. मी म्हटलं, पळवायचीसच. ती म्हणाली, एकच, आणि ते तू माझ्या दप्तरात घालून वर मलाच पकडलं होतंस. असं काही घडलेलं मला आठवत नाही. मग म्हणाली, आईला काय सांगू, वर्ष मिळतंय की परत येतेस? बाबा तुझी खोली रंगवायला काढताहेत.

सांगितलं, रंगवायची घाई करू नका.

गुरुवार, २१ नोव्हेंबर
काल तिसरा बुधवार. ठोका नाही. प्लंबर पाणी भरताना माझ्या काळ्या कागदावर टिचकी मारत होता आणि शीळ घालत होता. निर्दोष माणूस इतकी शीळ घालत नाही.

त्यानं बदललेल्या पाण्याची बाटली भरून घेतली. रसायनशास्त्रवाल्यांकडे तपासायला देईन. नाव बदलून.

विटा आठ. ठोका उत्तम.

सोमवार, २५ नोव्हेंबर. दुपारी ३.००
रसायनशास्त्रवाल्यांचा अहवाल: पाणी आहे.

म्हणजे जे काही टाकतात ते सापडण्यासारखं नाही. माझ्या अंदाजापेक्षा लोक हुशार आहेत.

पोहणाऱ्यानं विचारलं, आता किती विटा झाल्या? म्हटलं, बारा. तो म्हणाला, वा, आणि खिशातून वही काढून काहीतरी टिपलं. माझ्यासमोर! इतका निर्ढावलेपणा.

मंगळवार, २६ नोव्हेंबर
सर म्हणाले, कमिटीआधी एकदा आम्हा चौघांसमोर बोलून बघ, नेहमीची पद्धत आहे. मी म्हटलं, घसा बसलाय. सर म्हणाले, आत्ता तर ठीक वाटतोय. मी म्हटलं, शुक्रवारपर्यंत जपतेय.

बुधवार, २७ नोव्हेंबर
प्लंबरला पाणी बदलू दिलं नाही. म्हणाला, अगं, वास येईल. येऊ दे. आठवडाभर अखंड ठोका हवा.

गुरुवार, २८ नोव्हेंबर. सकाळी ११.००
सगळी तयारी. स्लाइड्स बावीस. विसावीचं शीर्षक: ‘प्रवाहातील एक अज्ञात संथ स्पंदन’. एकविसावी: बुधवारच्या व्यत्ययांचा तक्ता, व्यक्तीचं नाव न घेता. बाविसावी कोरी ठेवलीय. टाळ्यांसाठी वेळ लागतो.

थोडा वास येतोय.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर. दुपारी ४.२०
फक्त घडलं ते, क्रमानं.

कमिटी लॅबमध्येच आली. ठोका पडद्यावर चालू होता. विसाव्या स्लाइडला बाहेरच्या विद्यापीठातल्या परीक्षक बाई पुढे झुकल्या. म्हणाल्या, फार सुंदर, आता मला दांडा डोळ्यांनी बघू द्या. मी विटा उतरवल्या, बारा. कुलूप काढलं, झाकण उचललं.

पडद्यावरची रेघ सपाट झाली.

मी म्हणाले, कुणीतरी छेडछाड केली आहे. मग मी एकविसावी स्लाइड दाखवली.

मागून प्लंबर पुढे आला. परवानगी मागितली, झाकण परत ठेवलं, वर तळहात दाबून उभा राहिला. ठोका सुरू. उचललं. बंद. ठेवलं. सुरू. असं चार वेळा. तो कमिटीला समजावत होता, अगदी हळू आवाजात, जणू कुणाच्या घरातला नळ दाखवतोय: कडेला फोम घट्ट आहे, आत हवा कोंडते, पाणी वर येतं, हवा त्याला खाली ढकलते, पाणी परत वर येतं. दर सात सेकंदांनी. वजन वाढवाल तितकं जोरात.

भोवऱ्यांचा संबंध नाही. दांड्याचाही नाही. दांडा काढला असता तरी चाललं असतं.

गणितीबाई म्हणाल्या, माझ्याकडे याचं समीकरण आहे, आठ तारखेपासून. मी विचारलं, मग सांगितलं का नाही? त्या म्हणाल्या, तुझ्या कामात लुडबुड कशी करू. पोहणारा म्हणाला, आम्हाला वाटलं तू झाकणावरच काम करतेस. दर आठवड्याला चार विटा, किती पद्धतशीर. त्यानं वही दाखवली. विटांची संख्या, तारखा, पडद्यावरून टिपलेली ठोक्याची उंची. माझ्यापेक्षा नीट टिपलं होतं. म्हणाला, तुला उपयोगी पडेल म्हणून.

हे तो कुचेष्टेनं म्हणाला असावा, म्हणून त्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघितलं. काही सापडलं नाही.

शनिवार, ३० नोव्हेंबर. सकाळी १०.००
कमिटीचा निर्णय लेखी आला. एक वर्ष नाही. चार महिने. विषय: कोंडलेल्या हवेचं झाकण आणि पाण्याची हालचाल. अट: रोजचे आकडे ग्रुपमधल्या तिघांनाही दाखवायचे.

ताईला कळवलं. तिनं विचारलं, मग खोलीचं काय? म्हटलं, रंगाचा एक हात मारू दे, दुसऱ्याला थांबा म्हणावं.

प्लंबरनं कुलपाची किल्ली मागितली. दिली. सोमवारी नऊला सुरुवात करू म्हणाला. वही घेऊन ये. ही नव्हे, आकड्यांची.

या वहीबद्दल त्याला कसं कळलं, असं विचारलं. तो म्हणाला, अगं, गेला महिनाभर तू आमच्या तिघांच्या मधल्या टेबलावर बसून लिहितेयस. आमची नावं लिहिताना मान वर करून बघतेस.