शिपकोवात्सचे मूळपुरुष आणि दोन बाके

चि. भगिनी रुझित्सा हिस,

ज्येष्ठ बंधूचे अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे आणि मेहुण्यांचा खोकला यांना उतार पडला असावा, अशी आशा करतो. येथील हवा उत्तम आहे. माणसांविषयी तसे म्हणवत नाही.

शाळेच्या वर्धापनदिनी मी गावाच्या पूर्वपीठिकेवर व्याख्यान दिले. शिपकोवात्समधील प्रत्येक घर आपला मूळपुरुष तुर्कांशी लढलेला बंडखोर मानते. वस्तुतः ते सारे डुकरांचे व्यापारी. बाजाराच्या वाटेवर चिखलात रुतले आणि आळसापायी येथेच राहिले, हे मी साधार सिद्ध केले. (आपले पणजोबा तेवढे निशाणधारी. त्यांच्याबाबत आधार शोधण्याची मला गरज भासली नाही.) टाळ्या वाजल्या नाहीत. तेव्हापासून कट शिजतो आहे. आलुबुखाराची राकिया गाळण्याच्या भट्टीवर मी गेलो की बोलणी थांबतात. परवा शेजारी रादिसाव म्हणाला, “या प्राध्यापक, बसा की! का डुकरवाल्यांजवळ बसलं की विद्या बाटते?” त्याची बायको स्तामेना हसली, त्या हसण्यात मला पूर्वनियोजन जाणवले. लगेच तिने मिरच्यांच्या लोणच्याची बरणी पाठवली. का? मी ती संशयापोटी उघडलेलीच नाही (मीठ किंचित कमी आहे).

रविवारी संत लुकाचा दिवस, आपल्या कुलसंताचा सण. या सणाला बोलावण्याची रीत नाही. ज्याला यायचे तो येतो, ज्याला अपमान करायचा तो येत नाही. बाबांच्या वेळी अंगण पुरत नसे. यंदा मेणबत्ती, सणाचा पाव आणि मी, एवढेच असू. मी एक शब्दही मागे घेणार नाही. कोणी न आल्यास मला तिळमात्र दुःख नाही.

तुझा,
तिहोमिर

ता. क. : रविवारी तू ये. मेहुणे, मुले, तुझे शेजारी, ज्याला म्हणून बसता येते त्याला आण.

पुन्हा ता. क. : रादिसाव आताच अंगणात दोन बाके टाकून गेला. कारण विचारले, तर म्हणाला, “अख्खं गाव येतंय! सणाला यजमानानं बसायचं नसतं, उभं राहून वाढायचं, आणि पाहुण्याला गप्प करायचं नसतं. तुमचं आम्ही ऐकलं, आता आमचं तुम्ही ऐका!” (बाके धुळीने माखली होती, मी ती दोनदा पुसली.) तेवढ्यात फाटकातून स्तामेना ओरडली, “आणि निशाणवाल्या पणजोबांच्या लंगड्या डुकरिणीची गोष्ट मी सांगणार हां!”

रुझित्सा, शनिवारीच ये. आईने तुला कधी कोणत्या लंगड्या डुकरिणीविषयी सांगितले होते का? सांगितले असल्यास मेहुण्यांना घरीच ठेव.